सूत्र आणि वृत्ती : लिस्ट कॉम्प्रिहेन्शनच्या अध्यापनाविषयी प्रस्तावना

पायथन भाषा शिकू लागलेला विद्यार्थी चल, अट, लूप आणि फंक्शन एवढे टप्पे बऱ्याच धीराने ओलांडतो. परंतु लूप, अट आणि फलित ही तिन्ही अंगे चौकटी कंसाच्या एकाच जोडीत, एकाच ओळीत सामावून घेणारी जी रचना लिस्ट कॉम्प्रिहेन्शन या नावाने ओळखली जाते, ती प्रथमच समोर आली म्हणजे आजवर वरून खाली वाचत आलेली त्याची दृष्टी त्या ओळीच्या कोणत्या टोकाला लावावी हेच त्याला उमगत नाही. त्या एका ओळीचे अध्यापन कसे करावे, एवढाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. एका भाषेतील एका रचनेसाठी स्वतंत्र ग्रंथाचा प्रपंच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्तच म्हणावा लागेल. माझे उत्तर असे की, आतापर्यंत यंत्राला एकामागून एक हुकूम सोडणाऱ्या विद्यार्थ्याला येथे प्रथमच हुकूम बाजूला ठेवून आपल्याला काय हवे आहे याचे यथार्थ वर्णन करावे लागते. आणि हुकुमाकडून वर्णनाकडे होणारे हे संक्रमण ज्याला नीट साधले, त्याला पुढे डेटाबेसची पृच्छा, आकडेवारीचे विश्लेषण आणि फंक्शनल पद्धतीची प्रोग्रामरचना या तिन्ही प्रांतांची वाट मोकळी होते.

हे पुस्तक मारतहळ्ळीत लिहिले गेले, ही गोष्ट त्याच्या स्वरूपाशी निगडित आहे. बंगळूरच्या पूर्वेस आउटर रिंग रोड आणि जुना विमानतळ रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, त्या पुलाच्या चहूबाजूंना जावा, टेस्टिंग, पायथन, डेटा सायन्स असे विषय शिकवणाऱ्या खाजगी वर्गांचे फलक दाटीने लागलेले आहेत, आणि त्यांच्या मागील गल्ल्यांतून पीजी म्हणून ओळखली जाणारी वसतिस्थाने पसरलेली आहेत. सोलापूर, लातूर, नांदेड, कोल्हापूर, बेळगाव या भागांतून पदविका किंवा पदवी घेतलेली मराठी मुले-मुली तेथे तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणाऱ्या सोबत्यांच्या जोडीने राहतात आणि काही महिन्यांत नोकरीस लायक होण्याची शिकस्त करतात. तंत्रविद्येच्या निमित्ताने सोलापूरचा बंगळूरशी जडलेला संबंध तसा जुना आहे. याच जुन्या विमानतळ रस्त्यावर शहराच्या बाजूला जो विमानांचा कारखाना उभा आहे, त्याची स्थापना सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने केली होती. आजच्या पिढीचे साहित्य पत्रा आणि रिव्हेट नसून अक्षरे आणि कंस आहेत, एवढाच फरक.

या वर्गांतून लिस्ट कॉम्प्रिहेन्शनला एक विशेष महत्त्व प्राप्त झालेले आहे, ते असे की नव्या उमेदवाराच्या मुलाखतीत तिच्यावर प्रश्न हमखास येतो. मुदत थोडी, तुकडी मोठी आणि परीक्षेची भीती सदैव मानगुटीवर. अशा स्थितीत चार ओळींचा लूप एका ओळीत बसवण्याची युक्ती म्हणून ही रचना सांगितली जाते, दोन-तीन नमुने पाठ करवले जातात आणि गाडी पुढे निघते. शिकवणाऱ्यांना मी दोष देत नाही. वेळेच्या हिशेबात त्यांच्या हाती दुसरे काही उरत नाही. पण पाठ केलेला नमुना थोडा बदलून विचारला की विद्यार्थी थबकतो, आणि आपल्याला प्रोग्रामिंग जमणारच नाही असा कायमचा ग्रह करून घेतो, हे पाहून मन विषण्ण होते. त्या ग्रहाला उत्तर म्हणून हे पुस्तक सिद्ध झाले आहे.

या रचनेचा वंश गणितातून उतरलेला आहे. अमुक गुणधर्म असलेल्या घटकांचा संच, असे लिहिण्याची रीत शाळेतच परिचित होते. परंतु तिच्यामागे एक मोठे वैचारिक वादळ होऊन गेले, हे शाळेत सांगितले जात नाही. केवळ गुणधर्म सांगितला की संच अस्तित्वात आला असे मानले, तर स्वतःचा घटक नसलेल्या सर्व संचांचा संच कल्पिता येतो आणि त्यातून विसंगती उद्भवते, हे बर्ट्रांड रसेल यांना १९०१ मध्ये दिसून आले. त्यावर अर्न्स्ट झर्मेलो यांनी १९०८ मध्ये असे बंधन घातले की, घटक निवडायचे ते आधीच सिद्ध असलेल्या संचातूनच निवडावेत. आणि पुढे १९२२ च्या सुमारास अब्राहम फ्रेंकेल यांनी अशी पुस्ती जोडली की, सिद्ध संचातील प्रत्येक घटकाच्या जागी त्यापासून निष्पन्न होणारी दुसरी वस्तू ठेवली तरी जे मिळते तो संचच होय. पायथनच्या एका ओळीत हे दोन्ही सिद्धांत शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. शेवटची ‘इफ’ ची अट ही झर्मेलोची निवड, आरंभीचे पद हे फ्रेंकेलचे प्रतिस्थापन, आणि दोहोंच्या मधला ‘इन’ हा मूळ संचाचा दाखला, जो दिल्याखेरीज भाषा ती ओळ स्वीकारतच नाही. नवशिक्याला हा इतिहास पहिल्या दिवशी सांगावा असे माझे म्हणणे नाही. शिकवणाऱ्याच्या मनात मात्र तो असावा.

गणितातील ही लेखनपद्धती संगणकाच्या भाषेत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न न्यूयॉर्क विद्यापीठात जॅक श्वार्ट्‌झ यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस सेटल नावाच्या भाषेत केला. त्यानंतर एडिंबरोच्या बर्स्टॉल आणि डार्लिंग्टन यांनी १९७७ च्या सुमारास एनपीएल भाषेत ती वापरली. आणि केंट विद्यापीठाच्या डेव्हिड टर्नर यांनी केआरसी व मिरांडा या भाषांतून तिला संचाऐवजी यादीचे रूप देऊन झर्मेलो आणि फ्रेंकेल यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नामकरण केले. आज रूढ असलेले लिस्ट कॉम्प्रिहेन्शन हे नाव फिलिप वॉडलर यांनी दिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅस्केल भाषेने ती आपल्या अंगभूत केली, आणि तेथून ती १६ ऑक्टोबर २००० रोजी प्रकाशित झालेल्या पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत आली. आणखीही एक धागा येथे गुंफलेला आहे : पायथनचे जनक गीदो व्हान रॉसम ज्या एबीसी भाषेवर ॲम्स्टरडॅममध्ये आधी काम करीत होते, तिचे रचनाकार लॅम्बर्ट मिर्टेन्स यांनी त्या भाषेचे अंतिम स्वरूप ठरवण्यापूर्वी सुमारे वर्षभर न्यूयॉर्कच्या सेटल मंडळींसोबत घालवले होते.

पायथनमध्ये आल्यावर या रचनेचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. १९९४ च्या पहिल्या आवृत्तीपासून याच कामाची मॅप, फिल्टर आणि लॅम्डा ही साधने भाषेत होतीच. २००५ मध्ये व्हान रॉसम यांनी ती तिन्ही भाषेतून काढून टाकावीत असे जाहीरपणे सुचवले, कारण कॉम्प्रिहेन्शनने तेच कार्य अधिक सुवाच्य रीतीने होते असे त्यांचे मत होते, परंतु ती राहिली. २००४ मध्ये गोल कंसातील जनरेटर-पदावली आली, २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत संच आणि डिक्शनरी यांच्यासाठी महिरपी कंसातील रूपे आली, आणि त्याच आवृत्तीत एक जुना दोष दूर झाला : तोवर आतील चल ओळ संपल्यानंतरही बाहेर शिल्लक राहात असे व त्याच नावाच्या दुसऱ्या चलाचे मूल्य गुपचूप बदलून टाकीत असे. २०२३ च्या ३.१२ आवृत्तीपासून या रचनेसाठी आतल्या आत स्वतंत्र फंक्शन उभारण्याचा खर्चही वाचला. जुन्या टिपणांवरून शिकवणाऱ्यांनी हा तपशील ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

अध्यापनाच्या बाबतीत ठळकपणे तीन संप्रदाय दिसतात. पहिला लूपवाद्यांचा, रिकामी लिस्ट घ्यावी, लूप फिरवावा, अपेंड करीत जावे, आणि हे सर्व अंगवळणी पडल्यावर तीच चार ओळींची रचना एका ओळीत कशी मावते ते दाखवावे, ही त्यांची पद्धत, आणि बहुतेक पाठ्यपुस्तके व मारतहळ्ळीचे बहुतेक वर्ग याच पंथाचे. दुसरा गणितवाद्यांचा, रिचर्ड बर्ड आणि फिलिप वॉडलर यांच्या १९८८ च्या ग्रंथाची परंपरा मानणारे हे लोक संचाच्या व्याख्येपासून आरंभ करतात आणि लूपचा उल्लेख शक्य तितका पुढे ढकलतात. तिसरा संप्रदाय आकडेवारीवाल्यांचा आहे. पांडाज वगैरे साधने हाताशी असल्याने ही रचना त्यांना केवळ जाता-जाता लागणारी सोय वाटते, म्हणून ते तिच्याविषयी फारसे थांबून बोलत नाहीत. मला स्वतःला पहिला संप्रदाय अर्धा बरोबर वाटतो. लूप आधी यावा हे खरे, पण कॉम्प्रिहेन्शन म्हणजे आखडलेला लूप, ही त्याची शिकवण विद्यार्थ्याला रचनेच्या बाह्य रूपातच गुंतवून ठेवते. गणितवाद्यांची दृष्टी अधिक सखोल आहे. परंतु बारावीनंतर संचाशी संबंध सुटलेल्या मुलाला ती पहिल्या आठवड्यात पेलवत नाही.

आपल्या परंपरेत या पेचाचे एक उत्तर फार पूर्वीच सापडलेले आहे. सूत्र अल्पाक्षर असते, म्हणून ते ध्यानात राहते आणि हाताळता येते. पण वृत्तीवाचून, म्हणजे त्याच्या विवरणावाचून, ते नवशिक्याला बंद असते, आणि वृत्ती वाचून झाल्यावर सूत्र फेकून दिले जात नाही, उलट त्याचाच आधार घेऊन पुढचे काम चालते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीची रचना केली ती नियमाचा श्लोक आणि त्यामागोमाग उदाहरण अशी. चाळीसगावनजीकच्या पाटण येथील शिलालेखावरून असे दिसते की, तेराव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला होता. संक्षिप्त लेखन आणि त्याच्या विवरणाची व्यवस्था ही जोडी आहे, हे त्या काळी ठाऊक होते. लूप ही वृत्ती आणि कॉम्प्रिहेन्शन हे सूत्र, असे नाते मनात धरले की सूत्रावरून वृत्ती लिहिणे आणि वृत्तीवरून सूत्र लिहिणे हे दोन्ही अभ्यास सारखेच महत्त्वाचे ठरतात. आणि आमच्या वर्गांतून पहिला जवळजवळ कधीच करवला जात नाही.

पुस्तकातील बहुतेक उदाहरणे लासलगावच्या बाजार समितीतील कांद्याच्या भावांच्या यादीवर बेतलेली आहेत, कारण क्विंटलचा भाव हा आमच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या घरी रोज बोलला जाणारा विषय आहे. लिलाव बंद असेल त्या दिवशीची नोंद रिकामी असते. या रिकाम्या नोंदी काढून टाका, असे सांगितले की विद्यार्थी स्वाभाविकपणे त्याच यादीवर लूप फिरवतो आणि रिकामी नोंद दिसली की ती तेथल्या तेथे वगळतो. एकट्या-दुकट्या सुटीच्या महिन्यात उत्तर बरोबर येते. दिवाळीच्या महिन्यात, जेथे बंद दिवस सलग आहेत, तेथे काही रिकाम्या नोंदी तशाच मागे राहतात, कारण एक घटक गळाला की पुढचा त्याच्या जागी सरकतो आणि लूप मात्र एक पाऊल पुढे गेलेला असतो. हा अनुभव मुलांना मुद्दाम घेऊ द्यावा. मूळ यादीला हात न लावता तिच्यावरून नवी यादी निर्माण करणे ही कॉम्प्रिहेन्शनची रीत का हितकर आहे, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याहून चिवट अडचण अटीच्या जागेची आहे. बंद दिवस गाळा, आणि बंद दिवसाच्या जागी शून्य लिहा, या दोन मागण्या नवशिक्याला सारख्याच भासतात; वास्तविक पहिलीत यादी लहान होते आणि दुसरीत तिची लांबी अबाधित राहते. पहिलीसाठी ‘इफ’ ओळीच्या अखेरीस येतो, दुसरीसाठी ‘इफ’ आणि ‘एल्स’ दोन्ही मिळून आरंभीच्या पदात येतात. आणि ‘एल्स’ अखेरीस लिहिला तर भाषा तो अर्ज साफ फेटाळते. एकच शब्द दोन जागी दोन अर्थांनी का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर इतिहासात आहे. कॉम्प्रिहेन्शन २००० मध्ये आली, आणि दोन मूल्यांतून एक निवडणारे सशर्त पद २००६ च्या २.५ आवृत्तीत, म्हणजे सहा वर्षांनंतर आले; त्या दोन स्वतंत्र सोयी आहेत आणि योगायोगाने एका ओळीत भेटतात. एवढे सांगितले, आणि नव्या यादीची लांबी मूळ यादीइतकी राहणार की घटणार हे लिहिण्यापूर्वी तोंडी विचारण्याचा शिरस्ता ठेवला, की या ठिकाणी होणारी गफलत बरीच ओसरते.

इतर अडचणी थोडक्यात सांगतो. कंसात प्रिंट लिहिले की छपाई होते आणि वर निरर्थक ‘नन’ मूल्यांची एक यादीही हाती पडते. जेथे यादी नको आहे तेथे साधा लूपच लिहावा. दोन ‘फॉर’ आले तर डावीकडचा बाहेरचा, उजवीकडचा आतला, हा क्रम एरवीच्या लूपसारखाच आहे. गोंधळ होतो तो फलित पुढे लिहिल्यामुळे. शून्यांची एक ओळ तयार करून तिला गुणून अनेक बाजार समित्यांचा तक्ता बनवला तर सर्व ओळी म्हणजे वस्तुतः एकच ओळ असते आणि एका बाजार समितीचा भाव बदलला की साऱ्यांचा बदलतो. कॉम्प्रिहेन्शनने तक्ता रचला तर प्रत्येक ओळ नव्याने जन्मते. चौकटी कंसाच्या जागी गोल कंस आले तर यादीऐवजी जनरेटर मिळतो, जो एकदा वाचून संपला की पुन्हा काही देत नाही, पण मोठ्या बेरजेसाठी स्मृतीवर भार टाकत नाही.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत एक अनुकूल गोष्ट आहे, जिचा उपयोग मी अन्यत्र केलेला पाहिला नाही. मराठी वाक्य स्वभावतःच असे चालते : या यादीतले जे भाव रिकामे नाहीत, त्या प्रत्येकाला शंभरने भागून मिळणारा किलोमागचा दर. प्रथम उगम, मग अट, अखेरीस फलित. यंत्र ती ओळ ज्या क्रमाने अमलात आणते तो क्रमही नेमका हाच आहे. पायथनने गणिताचा शिरस्ता पाळून फलित आरंभी ठेवले आहे; डेटाबेसच्या सीक्वेल भाषेतील पृच्छेतही निवडीचे शब्द आधी आणि तक्त्याचे नाव नंतर येते. याउलट २००७ मध्ये सी शार्प भाषेत लिंक नावाने जी पृच्छारचना आली, तिने उगम पुढे आणला, कारण उगम ठाऊक असल्याखेरीज प्रोग्राम लिहिण्याच्या संपादक-साधनाला पुढील शब्द सुचवता येत नाहीत. स्काला भाषेतही फलित शेवटी येते. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने पायथनची ओळ मधल्या ‘फॉर’ पासून वाचायला घ्यावी, अटीपर्यंत जावे आणि मग आरंभीच्या पदाकडे परतावे. त्याची भाषा त्याला याच क्रमाची सवय लहानपणापासून लावीत आलेली आहे. जो विद्यार्थी मराठी माध्यमातून आला म्हणून वर्गात संकोचून बसतो, त्याला ही गोष्ट अवश्य सांगावी. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीतही देता येतात. आरंभीच्या काही पाठांत तशी ती दिली आहेत, आणि मुलांना त्याचा जो आनंद होतो तो मी पाहिला आहे.

आजच्या घडीला या विषयाची निकड वाढली आहे. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन आहे, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात ठिकठिकाणी ती आली आहे, आणि आय. आय. टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पामुळे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिपाठ उपलब्ध झाले आहेत. त्यात आता साध्या भाषेत मागणी केली की प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे प्रत्येकाच्या हाती आली आहेत. ती लिस्ट कॉम्प्रिहेन्शन सढळ हाताने वापरतात, आणि वापरताना ‘इफ’ चुकीच्या जागी ठेवून यादी नको तेथे लहानही करू शकतात. लिहिण्याचे श्रम कमी झाले, वाचून पारखण्याची जबाबदारी वाढली. नवशिक्यांच्या वाचनक्षमतेविषयी रेमंड लिस्टर आणि त्यांच्या विविध देशांतील सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यातही हेच आढळले होते की, अनेक विद्यार्थी लिहिण्याच्या आधी वाचण्यातच अडतात. यंत्राच्या काळात त्या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

प्रस्तुत पुस्तकात म्हणून वाचन पुढे आणि लेखन मागे आहे. विद्यार्थ्याने प्रथम तयार ओळी वाचून त्यांचे फलित कागदावर लिहावे, मग त्यांची वृत्ती म्हणजे लूप लिहावा, मग विस्कटून दिलेले तुकडे योग्य क्रमाने मांडावेत, आणि त्यानंतरच स्वतः रचना करावी. तुकडे जुळवण्याची ही रीत न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडली, व येथे ती कांद्याच्या यादीवर योजली आहे. कोठे ही रचना वापरू नये, यालाही मी पुष्कळ जागा दिली आहे. दोन ‘फॉर’ आणि दोन अटी एका ओळीत कोंबणाऱ्याचे कौतुक वर्गात होते, मुलाखतीतही कदाचित होत असेल. पण गूगलसारख्या मोठ्या कंपनीच्या अंतर्गत लेखननियमांतही अशा ओळींना मज्जाव आहे, आणि तो योग्य आहे असे माझे मत आहे.

असिंक्रोनस कॉम्प्रिहेन्शन, जी २०१६ च्या ३.६ आवृत्तीत आली, आणि वॉलरस या नावाने ओळखले जाणारे ३.८ मधील नेमणूक-चिन्ह, या दोहोंना येथे हेतुपुरस्सर वगळले आहे; नवशिक्याला त्यांची गरज नाही. शिकवणाऱ्यांना एकच विनंती आहे. वेगाची तुलना करणारे प्रयोग अखेरच्या भागात दिले आहेत, ते तेथेच राहू द्यावेत. अपेंडचा शोध आणि त्याचे पाचारण वाचल्यामुळे ही रचना बहुधा लूपपेक्षा जलद चालते हे खरे; परंतु ते कारण आधी सांगितले, तर विद्यार्थी वेगासाठी ती लिहू लागतो आणि काय हवे आहे याचे वर्णन करण्याचा अभ्यास राहून जातो. पहिल्या पाठाला संगणक लागत नाही. भावांची छापील यादी, पेन्सिल आणि शेजारच्याशी बोलण्याची मुभा एवढे पुरे आहे.